भिंतीला डांबर

प्रिय धाकट्या,

हो, भिंतीला डांबर मीच फासलं. माझी भिंत, माझं डांबर, शिडी तेवढी शेजारच्या सुताराची. मला वेड लागलेलं नाही, ताप नाही, आणि कुणी माझ्या डोक्यात काही भरवलेलंही नाही. तू विचारलं नाहीस हे मला कळतं. विचारणार कसा, तुझा फोन पाण्यात पडला असं डिझेल पंपवाल्यानं कळवलंय. पण इथे रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण हाच प्रश्न डोळ्यांत घेऊन येतो, म्हणून आता मी कुणाला 'या, बसा' म्हणायच्या आधी हेच उत्तर देऊन मोकळी होते. हे पत्र बर्फाच्या ट्रकवाल्याकडे दिलंय. नवी होडी घेऊन तू वरच्या बंदराला डिझेल भरायला थांबशील, तिथे तो तुझ्या हातात देईल. आणि पुरतं वाच. तुझी सवय मला ठाऊक आहे, वरची ओळ बघायची, खालची सही बघायची, 'आत्या ठणठणीत आहे' म्हणायचं आणि कागद खिशात कोंबायचा. म्हणून कामाचं आधीच सांगते. भिंत बघून खाडीत शिरू नकोस. होडीत तुझी बायको आहे, पोर आहे.

आता तू म्हणशील, आत्या, आपण सगळे भिंत बघूनच तर आत आलो, आजोबा आले, बाबा आले. आले ना. कोण नाही म्हणतंय. आपला जिल्हा म्हणजे तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला एक रस्ता, त्यात रस्ता कमी आणि खड्डेच जास्त. वरच्या गावांतल्या वीटभट्टीवाल्यांना वाटतं आपल्या अंगाला वास येतो, आपल्याला वाटतं त्यांना चालायची घाई नाही. एके काळी इथे आगबोट लागायची, जकातीची कचेरी होती, मिठागरांवर बाहेरून माणसं कामाला यायची. आगबोट बंद झाली, कचेरीत आता बकऱ्या बसतात, मिठागरांत पाणी शिरलं ते परत गेलंच नाही. टेकडीवरच्या मनोऱ्यातला दिवा तर माझ्या लहानपणीच विझला. राहिलं काय, तर वर मनोरा आणि खाली आपल्या घराची समुद्राकडची पांढरी भिंत. मनोऱ्याच्या बरोबर खाली भिंत आली की होडीचं नाक तिकडे धरायचं आणि सरळ यायचं, दोन्ही बाजूंना वाळू, मधे खोल पाणी. सरकारनं एकदा लोखंडी खांब रोवून बघितला, लोकांनी त्याला जाळी वाळत घातली. खांब गंजून पडला, भिंत उभी.

दर मोसमाच्या आधी प्रत्येक होडीनं भिंतीला चुन्याचा एक हात द्यायचा, हे तुला सांगायला नको. तूच थोरल्याच्या खांद्यावर बसून वरचा कोपरा रंगवायचास आणि अर्धा चुना त्याच्या केसांत ओतायचास. तो ओरडायचा, 'आत्ये, हे माकड खाली उतरव!' आणि खाली मात्र स्वतः कधी उतरवायचा नाही. इतक्या वर्षांचा चुना बसलाय की कुठे टवका उडाला तर आत शिंपल्यासारखे पदर दिसतात. विटा कुठे संपतात आणि चुना कुठे सुरू होतो हे आता गवंड्यालासुद्धा सांगता यायचं नाही. घर माझं, पण भिंत सगळ्यांची, असं म्हणत म्हणत लोकांनी मला त्या बाजूला कधी खिडकी पाडू दिली नाही. मरू दे.

तर झालं असं, की वर नवा हमरस्ता होतोय. त्याच्या भरावाला नदीतली वाळू उपसतात, दिवसभर मशिनांची घरघर इथपर्यंत येते. वर वाळू उपसली म्हणजे खाली सरकणारच, त्याला शाळा शिकायला लागत नाही. एक सरकारी बाई रबराच्या बोटीतून आली, दोन दिवस पाणी मोजत फिरली. अंगणात बसून पाणी प्यायली आणि म्हणाली, 'आजी, खोल पाणी आता बर्फाच्या कारखान्याच्या बाजूला गेलंय. तुमच्या भिंतीच्या रेषेत वाळू चढली आहे.' मी म्हटलं, मला सांगून उपयोग नाही, पायरीवर सांग. पायरीवर म्हणजे कप्तानाकडे. कप्तान कसला, गुडघे गेल्यापासून बंदराच्या पायरीवर बसून हुकूम सोडतो. तो तिला म्हणाला, 'बाई, तुमचं यंत्र काल जन्मलं, भिंत माझ्या आज्यानं बघितली आहे.' सगळे हसले. कुणीतरी तिला मासळी बांधून दिली आणि ती गेली. वाईट कुणी वागलं नाही, हे लक्षात घे. आपले लोक वाईट वागत नाहीत. ऐकत नाहीत, एवढंच.

आणि ऐकायचं तरी कशाला, त्यांना वाटतं काही झालेलंच नाही. हलक्या होड्या भरतीला येतात, तळ जरासा खरवडतो, 'वाळू आली वाटतं थोडी' म्हणतात आणि पुढे जातात. मी दारात बसून जाळी विणते, मला समोर दिसतं. जिथे लाट कधी फुटत नव्हती तिथे आता ओहोटीला पांढरी रेघ उठते, भिंतीच्या अगदी नाकासमोर. कप्तानाला म्हटलं तर म्हणतो वाऱ्यानं उठते. वारा पडलेला असतो तेव्हा म्हणतो, प्रवाहानं उठते. दोन्ही नसतं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणतो, 'तुझा चष्मा बदल.' तुझी होडी नवी, जड, पोट खोल. मालक होऊन पहिल्यांदा घरी येतोयस, माल भरून येशील, मिरवत येशील, मला माहीत आहे. ती होडी खरवडणार नाही धाकट्या. ती बसेल. आणि बसली की मागची लाट थांबत नाही.

म्हणून डांबर. सुतारानं आधी बजावलं, 'चुन्यावर डांबर धरत नाही, पापुद्रे सुटतील.' मी म्हटलं, सुटतील तेव्हा परत फाशीन, तू शिडी धर. निम्मी भिंत काळी झाली तोवर रस्त्यावर माणसं उभी राहिली होती. कुणी आवाज चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसते उभे, हात लोंबकळलेले, घरात कुणी गेल्यावर उभे राहतात तसे. मग कप्तान दोघांच्या खांद्यावर हात टाकून आला. म्हणाला, 'काय केलंस हे? आता आमची माणसं घर कशी ओळखणार?' मी म्हटलं, कारखान्याची चिमणी बघून येऊ देत, ती बाई सांगून गेली तसं. तर म्हणतो, 'चिमणी बघून परके येतात.' मी ब्रश डब्यात बुडवला आणि पुढचा हात मारला. संध्याकाळी किराणा दुकानदारानं मला साखर देताना वर बघितलं नाही. पाण्याच्या नळावर मी गेले की बायकांच्या गप्पा थांबतात. थांबू देत, माझी बादली लवकर भरते.

बाकी घरचं. शेळी व्याली. छपराचा पत्रा बदलला. तुझी वहिनी हल्ली माझ्याकडेच असते, पोरांना घेऊन. जेवते, काम करते, बोलत नाही. तिचा लाल स्वेटर मी उसवून परत विणायला दिलाय, हाताला काहीतरी लागतं माणसाला. थोरल्याची होडी वाळूवर आहे. उपडी आहे. मुलं तिच्यावर चढतात, मी त्यांना हाकलते. तिला रंग द्यायचं कुणी बोलत नाही. इंजिन काढून कुणीतरी पायरीवर आणून ठेवलंय, त्यात वाळू भरली आहे, धुतलं तरी निघत नाही. तू हे वाचताना कपाळाला आठ्या घालशील आणि परत मागची ओळ वाचशील. वाच. मी काही गाळलेलं नाही, फक्त क्रम माझा आहे.

डांबर पुरेल असं मला वाटलं असतं, तर हे पत्र लिहायचा खटाटोप केला नसता, हात दुखतो माझा. पण काल सकाळी दार उघडलं तर घराच्या शेजारी, अगदी भिंतीला लागून, चार वासे उभे आणि त्यांवर ताणून बांधलेली पांढरी ताडपत्री. नवीकोरी. भिंतीएवढीच लांब, भिंतीएवढीच उंच. सगळ्या होड्यांनी मिळून आणली. कप्तान स्वतः खाली बसून दोऱ्या आवळत होता, गुडघे दुखत होते तरी. मला बघून हसला, मनापासून हसला, आणि म्हणाला, 'राग धरू नकोस. पोरगं नवी होडी घेऊन येतंय. त्याला लांबून घर दिसायला हवं ना?' तुझ्यासाठी बांधली आहे ती. प्रेमानं बांधली आहे. मी दोऱ्या कापायला विळी घेऊन गेले, तर तिथे आता पाळीनं माणूस बसतो, मलाच चहा विचारतो. म्हणजे तू येशील तेव्हा तुला समुद्रातून पांढरंच दिसणार, मनोऱ्याच्या बरोबर खाली. आणि पायरीवर सगळं गाव हात हलवत उभं असणार, या, या, सरळ या म्हणून. थोरला आला तेव्हाही असंच उभं होतं. ओहोटी होती, होडी मालानं भरलेली होती, भिंत माझी पांढरीशुभ्र होती, आणि त्यानं रेष एवढीशीही सोडली नाही. तुझा भाऊ गेला, धाकट्या. लोक म्हणतात इंजिन बंद पडलं, म्हणतात उन्हानं डोळे दिपले. मी दारात होते. काही बंद पडलं नाही, काही दिपलं नाही. तो बरोबर आला. म्हणून तू होडी वरच्या बंदरालाच बांध, बायको-पोरीला घेऊन ट्रकमध्ये चढ, ट्रकवाला तुम्हाला घेतल्याशिवाय निघणार नाही, त्याला मी तोंड बंद ठेवून थांबायला सांगितलंय. रस्त्यानं ये. तो कसा सापडला, कुणी उचलला, वहिनी काय म्हणाली, हे मी इथे लिहिणार नाही. तू समोर येऊन बसलास तरी सांगणार नाही. विचारायचं नाही. झालं.

तुझीच, दारात बसलेली,
आत्या