शम्साने बसवलेलं सील

गाला, मस्कत
ऑक्टोबर २०१४

ती. बाबा,
प्रसादचा नमस्कार. आईला सांगा, माझा व्हिसा वाढला. माझी नोकरी ओमानी माणसाला देतील, ही भीती आता नाही.

इथल्या सरकारच्या नियमाप्रमाणे माझ्या जागी शम्सा नावाची ओमानी मुलगी घेणार होते. तेलकंपन्यांचे पंप दुरुस्त करायला मीच तिला शिकवायचं होतं. मॅनेजर म्हणाला, "ती शिकली की तू घरी." मी तिला पंपातलं पाणी अडवणारं सील उलटं बसवायला शिकवलं. ती फार मन लावून शिकली.

काल सरकारी अधिकारी तिची परीक्षा घ्यायला आले. तिनं सील बसवून पंप सुरू केला आणि पाणी थेट त्यांच्या अंगावर उडालं. मॅनेजर म्हणाला, "आम्ही शिकवतो साहेब, पण यांना जमत नाही." अधिकाऱ्यांनी माझ्या व्हिसाला मंजुरी दिली आणि कंपनीने तिला कामावरून काढलं.

जाताना ती हिंदीत म्हणाली, "उस्ताद, माफ करा. तुम्ही एवढं शिकवलंत आणि माझ्यामुळे तुमची मान खाली गेली."

मी म्हणालो, "असू दे."

तुमचा गुडघा कसा आहे? आयटीआयमधले तुमचे जुने विद्यार्थी अजून पाया पडायला येतात का?

तुमचा,
प्रसाद