दुसऱ्या मजल्यावरचे बंद घर

गुरुवार, १७ जुलै २०२५. सोनिवली.

वर्तमानपत्रातील बातमी चुकीची आहे. ‘उल्हासनगर कॅम्प एकमधील तीन मजली पडीक इमारतीत, बंद घरात खेळण्यास शिरलेली सात वर्षीय बालिका छत कोसळून जखमी, पालकांचे दुर्लक्ष.’ इमारत चार मजली आहे. पडीक नाही, तेथे कुटुंबे राहतात. छत कोसळलेले नाही. छताचा खालचा थर निखळला. बालिकेचे नाव छापले नाही, पालकांचे दुर्लक्ष मात्र छापले!

‘बंद घर’ एवढे बरोबर. ते घर माझे आहे. फेब्रुवारीत आम्ही ते सोडून येथे आलो, तेव्हा माझ्या मुलाने, नरेंद्रने, माझ्यादेखत कुलूप लावले होते.

मग लहान मूल आत शिरले कसे? नरेंद्रला विचारले. “खिडकीतून गेली असेल, बाबा. ती पोरं तशीच असतात.”

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून! उद्या स्वतः जाणार.

शुक्रवार, १८ जुलै

रिक्षा केली. इमारतीखालच्या सिंधी कापड दुकानदाराला विचारले, कुलूप कोणी तोडले? तो हसला. “अरे साईं, कौन सा ताला? आपके घर में तो होली के पहले से फॅमिली है!”

दार उघडेच होते. आत दोरीवर फ्रॉक वाळत घातलेले, शेगडीवर भात. विनिता नावाची बाई समोर आली. तिचा नवरा कैलास कॅम्प दोनमध्ये पँट शिवतो. मुलगी ऋतिका. वय पाच, सात नव्हे. ती खेळत नव्हती. दुपारी आतल्या खोलीत झोपली होती.

“भाडं नरेंद्रभाऊच घेतात. रंग मारून दिला होता त्यांनी, एकदम चकाचक. तुम्ही कोण?”

मी कोण!

आतली खोली पाहिली. खिडकीकडच्या कोपऱ्यात छताच्या सळया उघड्या, गंजून फुगलेल्या. खाली गादी तशीच, तिच्यावर सिमेंटचे ढेकूळ. तो कोपरा मला पाठ आहे. फेब्रुवारीत माझी नात तेजस्वी तेथेच झोपत असे. ती पाणी प्यायला उठली आणि तिच्या उशीवर छताचा तुकडा पडला. नरेंद्र त्या उशीजवळ बसून रडला होता. “माझी पोर गेली असती!” आठवडाभरात त्याने बिऱ्हाड येथे आणले. असा बाप माझा मुलगा आहे, याचा मला अभिमान वाटला होता.

त्याच कोपऱ्यावर त्याने रंग दिला.

शनिवार, १९ जुलै

सरकारी रुग्णालयात गेलो. मुलीचा उजवा हात प्लास्टरमध्ये, कपाळावर टाके. खाटेवर झोपत नाही. खाटेखाली चादर ओढून तेथे पडून राहते. परिचारिका ओरडली, “ए ऋतिका, बाहेर ये! तिथं उंदीर चावेल.” आतून उत्तर: “चावू दे. वरून पडत नाय ना.”

केळी ठेवली आणि परतलो.

सोमवार, २१ जुलै

नरेंद्रशी बोललो. सून संजीवनी तेजस्वीला घेऊन आत गेली आणि दार लावून घेतले.

“त्यांना माहीत होतं, बाबा. म्हणून तर एवढ्या स्वस्तात दिलं. डिपॉझिटही नाही घेतलं.”

“आणि जे तुझ्या मुलीच्या उशीवर पडले?”

“आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्याला दुसरीकडे जाणं परवडलं. त्यांना या भाड्यात झोपडंसुद्धा मिळालं नसतं. उपकारच केले मी!”

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. मला ते ऐकवेना.

मग आवाज उतरवून म्हणाला, “पोलीस विचारायला आले होते. मी सांगितलंय की ते घर तुम्ही बघता. फ्लॅट तुमच्याच नावावर आहे ना? तुमचं वय बघून कोण काय करणार? मला नोकरी आहे, बाबा.”

मी त्याचा बाप आहे. मला विचारले असते, तर कदाचित हो म्हटले असते. त्याने विचारले नाही!

गुरुवार, २४ जुलै

ऋतिकाला रुग्णालयातून घरी सोडले. घरी म्हणजे तेथेच! माझ्याच घराच्या बाहेरच्या खोलीत.

“बाहेरची खोली चांगली आहे की,” कैलास म्हणाला. “आतली बंद केली. टेन्शन नका घेऊ, बाबा.”

मी म्हणालो, पोलिसांना खरे काय ते सांगतो. विनिताने हातातले ताट खाली ठेवले. “नका सांगू हो, बाबा! पालिकेची माणसं येऊन सील मारतील. पोरीला घेऊन कुठं जाऊ मी? गोजरबाईंच्या चाळीत खोली बोललोय, एक तारखेला रिकामी होईल. तोवर गप्प राहा. मग काय ते सांगा, माझी ना नाही.”

ऋतिका पलंगाखालून ऐकत होती. मी विनिताला शब्द दिला.

शनिवार, २६ जुलै

नरेंद्र बोलत नाही. मीही नाही. तेजस्वी विचारते, “आजोबा, तुमची कट्टी आहे का?”

सोमवार, २८ जुलै

चौकीत बोलावले. नरेंद्रचा जबाब हवालदाराने वाचून दाखवला. ‘वडिलांनी मला न विचारता भाडेकरू ठेवला. वय झाल्याने त्यांना विस्मरण होते. तारखा सांगता येत नाहीत.’

विस्मरण! तेहतीस वर्षे अंबरनाथच्या कारखान्यात मी कार्यालयीन टिपणे लिहिली. साहेब सही करताना ती वाचतही नसत, इतका विश्वास. आणि मला तारखा सांगता येत नाहीत!

मी खुर्ची पुढे ओढली. पहिला तुकडा कधी पडला, आम्ही कधी निघालो, रंग कधी दिला, भाडेकरू कधी आले, ऋतिका कोठे झोपली होती. सगळे सांगितले. हवालदार म्हणाला, “आजोबा, जरा हळू. हात दुखला माझा.” प्रत्येक पानावर वाचून सही केली. दोन ठिकाणी शुद्धलेखनही सुधारून दिले.

बऱ्याच दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

शुक्रवार, १ ऑगस्ट

गोजरबाईंच्या चाळीत गेलो. त्या म्हणाल्या, “खोली आज रिकामी झाली. पण ती माणसं आलीच नाहीत. सील लागल्यावर दोन दिवस वाट बघतील कुठं, रस्त्यावर? फोनपण बंद लागतोय.”

गुरुवार, १४ ऑगस्ट

तारखा, दुरुस्त करून:

तेजस्वीच्या उशीवर तुकडा पडला – २ फेब्रुवारी.
आम्ही घर सोडले – ९ फेब्रुवारी.
कैलासचे कुटुंब राहावयास आले – १ मार्च.
ऋतिकावर छताचा थर पडला – १५ जुलै.
विनिताला शब्द दिला – २४ जुलै.
शब्दाची मुदत – १ ऑगस्ट.
मी जबाब दिला – २८ जुलै.
घराला सील – ३० जुलै.
ऋतिकाचे प्लास्टर काढावयाचे होते – १२ ऑगस्ट. रुग्णालयात दिवसभर बसलो. आली नाही.
ऋतिकाचा सध्याचा पत्ता –