मथुराबाईंचा जामीन

बसवनगुडी, बेंगळूर
१७ एप्रिल १९९५

ती. स्व. मथुराआत्येस वसूचा कृ. सा. न. वि. वि.

मल्लेश्वरमहून इथे बस तासाभरात येते, तुझा राग मात्र आठवडा झाला तरी उतरत नाही. फोन केला की तू तुझ्या लेकाच्या, हयवदनच्या हाती देतेस. म्हणून हा लेखी अर्ज.

रागाचं कारण त्यानेच सांगितलं. फौजदारी प्रक्रियेच्या पेपरात मी तुझ्या नावाचा प्रश्न घातला, आणि तुमच्या गल्लीतल्या श्यामलाबाईंच्या मुलीने, ती माझीच विद्यार्थिनी, तो रामनवमीला देवळात पानक वाटताना सगळ्यांसमोर वाचला. आत्या, काल्पनिक आरोपींना नावं कुठून आणू? क, ख, ग म्हटलं की पोरं पेंगतात. म्हणून घरचीच माणसं वापरते. गेल्या वर्षी हयवदन दरोडेखोर होता, तो तर मिरवत फिरला. बाबा दोनदा फरारी झाले, कुरकुरले नाहीत.

एकोणतीस तारखेला कॉलेजात माझं बढती मिळून प्राध्यापिका झाल्यावरचं पहिलं जाहीर व्याख्यान आहे. तू आली नाहीस तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, खरंच सांगते.

लोभ अटकेत असल्यास जामिनावर तरी सोडावा.

तुझी वसू


मल्लेश्वरम
२० एप्रिल

चि. वसुमतीस अनेक आशीर्वाद (द्यावेच लागतात).

मुद्दाम कार्ड लिहिते आहे. पोस्टमनने वाचलं तर वाचू दे, आता लपवायला काय उरलंय? डाळीची कोसंबरी वाढत होते तर समोरच्या अक्का विचारतात, जामीन मिळाला का हो. तीर्थ देताना पुजाऱ्यांनी चांदीची पळी स्वल्प मागे ओढली, असं मला तरी वाटलं.

शेजारणीची अत्तरदाणी चोरली, हे एक वेळ सोसेन. पण तुझे पोलीस बूट घालून माझ्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात शिरले आणि लोणच्याच्या बरणीत हात घातला! झडतीला पंच कोण होते? आमच्या गल्लीतला एकही माणूस माझ्याविरुद्ध सही करणार नाही. ऐकून घेतल्याशिवाय कोणाला दोषी धरू नये, असं म्हणे तू शिकवतेस. मला विचारलं होतंस? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

व्याख्यानाला आरोपीचं काय काम? लोभाचा निकाल राखून ठेवला आहे.

मथुरा


बसवनगुडी
२४ एप्रिल

ती. स्व. आत्येस कृ. सा. न. वि. वि.

कार्ड वाचून आधी हसले, मग डोळे भरून आले. पंच कोण होते, हेच तर त्या प्रश्नाचं उत्तर! झडतीला पंचच नव्हते, तिथेच पोलीस चुकले.

तुझंच नाव का, ते सांगते. आरोपी नुसता क असला की मुलं धरून चालतात, त्याने केलंच असेल. तिथे आपलं माणूस बसवलं की एकेक कलम डोळे उघडून वाचावंसं वाटतं. व्याख्यानासाठी जुन्या म्हैसूरच्या चौकश्यांचे मोडी कागद वाचताना कचेरीत कोणी म्हातारी उभी असली, की मला तूच दिसतेस. ती मोडीही तूच शिकवलीस, कान पिळून. पण तुला विचारायला हवं होतं, हे सरी, कबूल.

पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुझी. कोणालाही बसू देणार नाही.

लोभासाठी हा फेरअर्ज.

वसू


मल्लेश्वरम
१ मे

चि. वसूस पोटभर आशीर्वाद.

मी खरं तर मागे खांबाआड बसून ऐकून गुपचूप परतणार होते. पण तू सारखी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतीस, आणि मोडी आत्येने शिकवली असं भर सभेत सांगितलंस. मग राग कुठला राहतो? सगळ्यांच्या देखत उठून पुढे आले. किती छान बोललीस ग. तुझे आजोबा हवे होते.

तू पाहुण्यांत अडकलीस तेव्हा तुझ्या पोरांनी मला घेरलं. अत्तरदाणीवाल्या मथुराबाई त्या तुम्हीच का, म्हणाली. सगळ्या वर्गाने मला सोडलंय म्हणे! श्यामलाच्या मुलीने तर पोलिसांवरच कारवाई मागितली आहे. तिला दोन गुण जास्त दे. घरी येताना मी मान ताठ करून अक्कांच्या दारावरून आले.

तेव्हा लोभ बिनशर्त सुटला आहे, तो तुझ्याकडेच राहो. फक्त चोरी फार किरकोळ वाटते. पुढच्या वर्षी जरा मोठा गुन्हा दे. श्यामला माफीची साक्षीदार व्हायला तयार आहे.

तुझी निर्दोष
मथुराआत्या