यंदाची नाळ पुरली नाही

धम्मदीपाच्या आबाले तिच्या आजीचा पुण्याहून जयभीम.

फोनवर तुमी 'हो हो' म्हणता आन् चूळ भरेस्तोवर विसरता. म्हणून आपल्या पोराच्या, उत्कर्षच्या हातानं लिहून पाठवते.

सून बरी हाय. बाळ रडून दवाखाना डोक्यावर घेते. त्याच्या नाळेतलं रक्त डॉक्टरीणबाईनं जपून ठेवलं, तेच सोमवारी त्याच्या बहिणीले, धम्मदीपाले देतीन. जन्मतानीच मेंदूले मार बसलेली पोट्टी, सहा वर्साची झाली तरी मान धरत नाही. गुण येईनच, असं बाई म्हणत नाही. न येईना का! पाह्यल्याबिगर मी हटत नाही.

शेजारची दुर्गाबाई म्हणे, नाळ घरीच पुरा लागते. तिले सांगा, तुह्या हर्षलची नाळ म्याच चुलीमागं पुरली होती, थो अजून चुलीपासून हलत नाही!

मले झोप लागते, उगाच इचारू नका. तुमी गोळ्या घेता ना?

खाली अंगठा लावला हाय, ओळखून घ्या.

डिंकाचे लाडू दुर्गाबाईच्याच हातचे पाठवा, सुनेले आन् नातीले. नातीचे दरवेळेसारखे कुस्करून पाठवू नका, अख्खे पाठवा. कुस्कराचे का नाही, थे तिचं तोंड पाहून मी ठरवीन.