फिरत्या घराची गळती

१ एप्रिल
जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर केलं. ओटा, बेसिन, पलंग, पलंगाच्या उशाशी फळीवर पाण्याची टाकी. सगळं स्वतः. अख्ख्या वडनेर भोलजीत असं कुणाकडे नाही. गादी मात्र रोज सकाळी ओली निघते. किरकोळ गळती. उद्या दुपारपर्यंत बंद. बारा तारखेला कोकणात निघायचंय. वंदनाने अजून समुद्र पाहिलेला नाही. लग्नापासून नेतो नेतो म्हणतोय. या वेळी नक्की.

२ एप्रिल
टपाचे सगळे सांधे सिलिकॉनने भरले. शेजारचा गजेंद्र खाली उभा राहून विचारत होता, की दिवाळीपासून पाऊस नाही, मग टप गळेल कशाने? दवाने, म्हटलं. हसला. लोकांना दुसऱ्याची गाडी बघवत नाही. एप्रिलमध्ये दव पडतं का, हे एकदा बघायला हवं.

३ एप्रिल, सकाळी सहा
गादी ओली.
खिडकी! इतकं साधं सुचू नये? रबर काढलं. परत बसेना. तूर्त खताची रिकामी गोणी लावली आहे. वंदनाचं म्हणणं, टाकीचा पाइप बघा. टाकी मी स्वतः बसवलीय, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. कालव्याच्या नोकरीत जन्म काढला. माझा कालवा गळतो अशी एक तक्रार आली नाही. त्यात पाणी कधी आलं नाही, तो भाग वेगळा.

५ एप्रिल
काल नळ आला. आठ-दहा दिवसांतून एकदा येतो, म्हणून वंदनाने घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवलं. आज शास्त्रशुद्ध टेस्ट. टपावर पाणी ओतायचं, आत बघायचं. दोन्ही ड्रम लागले. वरून थेंब आला नाही. सिलिकॉन फर्स्ट क्लास! वंदना बाजारातून आली तर ड्रम रिकामे. मी रिझल्ट सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं नाही. घागर उचलून गजेंद्रच्या बोअरवर गेली. तिचे गुडघे दुखतात. वाईट वाटलं. पण टेस्ट आवश्यक होती.

७ एप्रिल
पाण्याची वाट कळावी म्हणून काल खिडकीपासून टाकीपर्यंत, गादीवरूनच, हळद पसरली. वर झोपून लक्ष ठेवणार होतो. डोळा लागला. सकाळी मी पिवळा, प्रवासासाठी शिवलेली नवी चादरही पिवळी. खिडकीजवळची हळद कोरडी, टाकीजवळची भिजलेली. यावरून निष्कर्ष काढणं घाईचं होईल.

९ एप्रिल
गादी कोरडी! गळती बंद! सिलिकॉन मुरायला वेळ लागतो, एवढंच होतं. गजेंद्रला मुद्दाम बोलावून दाखवलं. त्याने टाकीचं झाकण काढून आत हात घातला. टाकी ठणठणीत कोरडी. सगळं पाणी आधीच गळून गेलेलं. गजेंद्रने झाकण हळूच परत लावलं, ते जास्त लागलं.

११ एप्रिल
टाकीच्या पाइपकडे मी पहिल्यापासून संशयाने बघत होतो. आज ओढून काढला. टाकीला चीर गेली. वंदनाची बॅग तीन दिवस दारात भरून ठेवलेली. तिच्या बहिणीने, सिंधूताईने नांदुऱ्याहून फोन केला. त्यांच्या बचत गटाची बस गुहागरला निघालीय, एक सीट आहे. मी म्हटलं, दोन दिवस थांब. वंदना म्हणाली, "लय थांबली म्या. आता जाते."

१२ एप्रिल
गेली. काही हरकत नाही. चीर बुजवून मागोमाग निघतो. किनाऱ्यावर गाडी उभी बघून चकित होईल.

१४ एप्रिल
चीर बुजवली. आता फक्त टाकी भरून टेस्ट. ड्रममध्ये पाणी नाही. गजेंद्रच्या बोअरवर मी जाणार नाही. नळाची वाट बघतोय.

१५ एप्रिल
सकाळी नळ आला. मी गाडीत टाकीमागे टॉर्च घेऊन होतो. बाहेर आलो तोवर गेला.
दुपारी वंदनाचा फोन. किनाऱ्यावर उभी होती. लाटांमुळे मोठ्याने बोलावं लागत होतं. म्हणाली, "लय पानी हाये हो अठी. तुमी काऊन नाई आले?"
टेस्टला पाणी नाही म्हणून अडकलोय, असं सांगितलं.
तिने फोन ठेवला नाही. बराच वेळ नुसतं पाणी ऐकू येत होतं.