सासरचे नाव

सोलापूर,
ता. १२ फेब्रुवारी १९३४

प्रिय बाबांस,

मार्थाचा सप्रेम सलाम. आईलाही सलाम सांगावा. प्रभुकृपेने इकडे सर्व खुशाल आहे. तुमचा खोकला गेला का, ते कळवावे. आईने पाठवलेला शेंगांच्या चटणीचा डबा संपला. तो मी एकटीने संपवला नाही, हे पुढे कळेलच.

यांची शाळा बरी चालली आहे. शेळी व्याली. दोन्ही करडे अंगणात नुसता धुडगूस घालतात.

बाबा, एक विचारायचे होते. आंधळ्या बापापुढे, इसहाकापुढे, याकोब थोरल्या भावाचे नाव सांगून जेवण घेऊन उभा राहिला, थोरला केसाळ म्हणून हातांवर करडांची कातडी बांधून. म्हाताऱ्याने हात चाचपले आणि त्यालाच आशीर्वाद दिला. पुढे लबाडी उघड झाली, तरी तो आशीर्वाद परत घेतला नाही. का? तुम्ही उपदेशात "खोटे ते खोटेच" एवढे म्हणून पुढच्या अध्यायाकडे वळायचात. मला तेव्हाही ते पुरायचे नाही.

हे आत्ताच का आठवले, असे तुम्ही विचारालच. मामंजी आमच्याकडे आले आहेत.

यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हापासून मामंजींनी यांचे नाव टाकले होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या लग्नालाही ते आले नाहीत. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, स्वतःची मेंढरे दिसेनात, तेव्हा हे अक्कलकोटच्या बाजूला गावी गेले आणि त्यांना घेऊन आले. अट एकच होती. "डोळ्यांसाटी येतो, तुज्यासाटी न्हाय. आन तुज्या घरचं पानी बी घेनार न्हाय." दवाखान्यात ते दुधावर राहिले. डोळ्यांना पट्टी बांधून घरी आणले, तर ओसरीवरच्या बाजेवर बसले आणि तोंडाला कुलूप, ना अन्न ना पाणी. मी एक दिवस धीर धरला. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरायला लागले.

हे शाळेत गेले होते. मी भाकरी आणि आईची चटणी घेऊन समोर गेले.

"कोन गं तू?" मामंजींनी विचारले.

"चंद्रव्वा," मी म्हणाले. "शेजारची. आमी बी धनगरच की."

बाबा, या नावाची बाई आमच्या गल्लीत नाही. कुठून सुचले देव जाणे. मामंजींनी भाकरी खाल्ली आणि आणखी मागितली. मी चुलीपाशी जाऊन रडले. ते रडणे पश्चात्तापाचे होते असे मी लिहिणार नाही, कारण तेही खोटेच होईल. मला आनंद झाला होता.

एका खोट्याला दुसरे लागतेच. मामंजींचे डोळे बांधलेले, पण कान उघडे; खेड्यातली सवाष्ण रिकाम्या हातांनी कशी फिरेल, म्हणून कासाराकडून दोन्ही हातभर बांगड्या भरून आणल्या. लहानपणी तुम्ही नको म्हणायचात, ती हौस फिटली. यांना खोटे बोलता येत नाही. म्हणून मामंजींच्या जेवणाच्या वेळी हे अंगणात जाऊन करडांशी गप्पा मारीत. "शेजारीन लई गुनाची हाय" असे मामंजी म्हणाले, की यांना खोकला यायचा. याकोबाला सोंग सजवून देणाऱ्या त्याच्या आईचे, रिबकेचे काम मी केले आणि याकोबाचेही मीच.

मग एका संध्याकाळी घरच्या उपासनेला यांनी नेमका तोच अध्याय उघडला. मुद्दाम उघडला का, ते अजून सांगत नाहीत. वाचून होते न होते तोच ओसरीवरून आवाज आला, "त्या म्हाताऱ्याला कळलं न्हाय व्हय? करडाचं कातडं आन मान्साचा हात! मेंढरावालाच हुता न्हवं त्यो?"

यांनी माझ्याकडे पाहिले.

"कळलं आसंल," मामंजी म्हणाले. "पर भूक लागली आसंल."

दुसऱ्या दिवशी माझी एकही भाकरी फुगली नाही.

परवा शनिवारी पट्टी सुटायची होती. हे मामंजींना घेऊन दवाखान्यात गेले. शेजारच्या बजाबाईंना सगळे ठाऊक. त्यांनी कुंकवाचा करंडा आणून दिला. "लाव की, तेवढ्यानं काय हुतंय?" मी आरशापुढे बोट बुडवले आणि तिथेच थांबले. कपाळाला लावले, तर मामंजी चंद्रव्वाला दुवा देत गावी जाणार होते आणि मार्थाला कधी भेटणारच नव्हते. नाही लावले, तर बाजेवरून उठून तडक चालू पडतील आणि यांचे वडील दुसऱ्यांदा जातील, ही भीती. तरी बोट पुसले. साबण लावून बांगड्याही उतरवल्या.

ते आले. मी ताट ठेवले. मामंजींनी माझे कपाळ पाहिले, मग हात पाहिले.

"बांगड्या कुटं गेल्या?"

"काढल्या."

"नाव काय तुजं?"

"मार्था," मी म्हणाले. "तुमची सून."

"मारता?" ते दचकले. "कुनाला मारता?"

दाराआड हे फिस्सकन हसले. मला हसावे की रडावे कळेना.

"बांगड्या भरल्यास त्या दिसापास्नं ठावं हाय मला," मामंजी म्हणाले. "ताट ठिवलं की त्या गप व्हायच्या. भाकर वाढून कोन धनगरीन अशी गप हुबी ऱ्हाती? तुजं ते देवाचं उरकंस्तवर म्या घास मोडत न्हवतो."

बाबा, ताट ठेवले की प्रार्थनेला डोळे मिटायचे, ही सवय तुमची. सोंग मी घेतले आणि मला पकडून दिलेत तुम्ही.

"मग खाल्लंत कशाला?" मी विचारले.

"सांगितलं की त्या दिशी. भूक लागली हुती." त्यांनी ताट जरा पुढे ओढले. "नुसती भाकरीची न्हवं."

मग घसा खाकरून म्हणाले, "सुनंचं नाव सासऱ्यानं ठिवायचं आसतंय. माजं ऱ्हायलंच. मारता-बिरता मला जमनार न्हाय. चंद्रव्वा ऱ्हाऊ दे. आन बांगड्या घाल, हात लई रिकामा दिसतोय." दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "ज्ञानू, ये जेवाया." यांचे ते जुने नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. हे आले आणि मामंजींच्या शेजारी बसले.

"मीट डोळे, उरक," मामंजी मला म्हणाले. "भाकर निवतीया."

याकोबाला पुढे नदीकाठी देवदूताकडून पुन्हा एकदा नाव विचारले गेले. तेव्हा त्याने खरे सांगितले आणि त्याला नवे नाव मिळाले. तो अध्याय तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतला होता. अर्थ मात्र परवा ओसरीवर लागला.

तुम्ही ईस्टरला याल तेव्हा मामंजी इथेच असतील. रागवायचे असेल तर तोवर रागावून घ्या. आईला हे पत्र वाचून दाखवताना मधले काही गाळू नका. आणि चटणी जास्त आणा, "चंद्रव्वाच्या आईची चटनी लई झ्याक" असा निरोप आहे. त्या नावाने मला हाक मारलेली ऐकलीत, तर दचकू नका. मी ओ देते.

तुमची मुलगी
मार्था,
सासरचे नाव चंद्रव्वा