पहिल्या रांगेतली खुर्ची

२७ जानेवारी

रेणू आज भाषणाच्या सरावाला आली नाही. मधली सुट्टी संपत आली तरी पत्ता नाही, म्हणून शोधत गेलो — तर पोरगी संगणकाच्या खोलीत! डोळ्यांवर काळा डबा बांधलेला, समोर कोरी भिंत, आणि भिंतीला भाषण सुनावते आहे. भाषण माझे! एकेक वाक्य मी घासून दिलेले. शेजारी अर्हम उभा. गावातल्या कैलासचंद शेठचा मुलगा, काल-परवा शाळेत संगणक शिकवायला लागलेला. आणि पोरे दाराबाहेर रांग लावून!

काल झेंडावंदनानंतर पोरांची भाषणे झाली, तेव्हाही याने मंचावर एक गोल कॅमेरा ठेवला होता. मला वाटले, फोटोसाठी. भाषणे कच्चीच. पहिल्या रांगेत बसून जीव नुसता खालीवर.

२९ जानेवारी

अर्हमला शिक्षकांच्या खोलीत गाठले. म्हणे, डबा लावला की आपण मंचावर, समोर भरलेले मैदान. रोज तिथे बोलले की भीती मोडते. पुढे वेल्डिंगसुद्धा असेच शिकवणार म्हणे.

मी उभा राहिलो. जो श्रोता जांभई देत नाही, उठून जात नाही, तो श्रोता कसला? अथेन्सच्या चौकापासून आपल्या शिरपूरच्या पारापर्यंत माणूस माणसासमोरच बोलत आला — असा पाऊण तास! अर्हम एवढेच म्हणाला, "सर, तुमी एक डाव लावून तं पाहा."

लावणार नाही.

३१ जानेवारी

हा मत्सर नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

३ फेब्रुवारी

मत्सरच आहे.

गेल्या वर्षी वाशिमच्या स्पर्धेत रेणू मंचावर अडकली तेव्हा तिच्यासाठी कोण होते? मी! समोर, पहिल्या रांगेत, ओठांनी शब्द पुरवत. तरी गप्प उभी राहिली आणि रडत उतरली. तिच्या आईला, सोजरबाईला, समजावून पुन्हा उभी केली तीही मीच. यंदा अडकली तर भाषण कायमचे बंद, असे सोजरबाईने बजावले आहे. आणि अशा वेळी पोरगी डब्याच्या नादी!

आज आली खरी. चार वाक्ये झाली की डोळे दाराकडे. मी थांबवून थांबवून सुधारले. निघताना विचारले, तिकडे एवढे काय आहे?

"तिथं मधात कोनी टोकत नाही, सर."

भिंत कशी टोकेल!

७ फेब्रुवारी

वाशिम. रेणू पहिली!!

अडकली नाही. विराम जिथे हवा तिथे. आवाज मुठीत. मी नेहमीप्रमाणे समोर बसून ओठांनी साथ देत होतो. ती सरळ माझ्याकडे पाहत बोलली — शेवटपर्यंत नजर हलवली नाही. वाटले, आली माझी पोरगी परत.

मग बक्षीस घेताना तिने आभार मानले. अर्हम सरांचे. नंतर माझे. नंतर!

परतीच्या बसमध्ये अर्हम पेढे वाटत होता. मला शुगर आहे म्हणालो. खरे तर नाही. रेणूला विचारले, यंदा भीती नाही वाटली? "आता तुमची सवय झाली, सर," म्हणाली आणि हसली. तीन वर्षे शिकवतो आहे, सवय आता झाली?

९ फेब्रुवारी

संगणकाची खोली उघडी होती, कोणी नव्हते. डबा लावला.

आमचेच मैदान. आमचाच २६ जानेवारी, त्या गोल कॅमेऱ्याने टिपलेला. पोरे, पालक, सोजरबाई. आणि पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत — मी. हाताची घडी. ओठ हलताहेत. कोणा पोराच्या भाषणावर मान नकारार्थी हलते आहे, थांबते, पुन्हा हलते.

रेणूचे भाषण मला तोंडपाठ आहे. बोलायला तोंड उघडले.

पहिले वाक्यच आठवेना.